अन्नद्वेष आणि घराण्याचा इतिहास

“आपल्या घराण्यांत पूर्वीं कोणी आत्महत्या केली होती काय?” हा प्रश्न डॉक्टरांनीं विचारला तेव्हां आम्ही त्याच खोलींत बसलों होतों. समोर आमच्या वसतिगृहांतील इयत्ता नववीच्या एका मुलीचे आईबाप होते. मुलगी बाहेरच्या बाकावर होती. प्रश्न ऐकतांच वडिलांची मुद्रा एकदम पालटली. “मुलगी जेवत नाहीं म्हणून आम्ही आलों आहों, तिच्या पोटाचें काय तें पाहा. आमच्या घराण्यांत असलें कांहीं नाहीं,” असें म्हणून ते गृहस्थ उठले. आई खालीं मान घालून बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं.

आठ दिवसांनीं ती माउली एकटीच शाळेंत आली. बराच वेळ पदराचें टोंक बोटाला गुंडाळीत बसली आणि मग म्हणाली, “सर, ह्यांची धाकटी बहीण तापानें गेली असें आम्ही सर्वांना सांगतों. ती तापानें गेली नाहीं. शेवटचें वर्षभर तीही अशीच जेवत नसे.”

हा प्रसंग त्या कुटुंबाच्या अनुमतीनें आणि ओळख पटणार नाहीं अशा बेतानें येथें लिहिला आहे. डॉक्टरांनीं तो प्रश्न कां विचारला, एका मुलीच्या न जेवण्याचा आणि मागच्या पिढींतील एका मृत्यूचा संबंध तो काय, हें त्या दिवशीं आम्हांसही नीटसें ठाऊक नव्हतें. शिक्षकानें आपलें अज्ञान शाळेच्या वार्षिकांत छापावें हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु तें दूर करण्यासाठीं पुढें जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें आमच्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या कानावर घालणें आम्हांस अवश्य वाटतें.

आपल्याकडे न जेवणें हा दोष समजला जात नाहीं. एकादशी असो, रमजानचा रोजा असो किंवा ईस्टरपूर्वींचा उपवासकाळ असो, अन्न वर्ज्य करणाऱ्याकडे आपण आदरानेंच पाहतों. म्हणूनच या आजाराची सुरुवात आपल्या घरांत पुष्कळदां कौतुकाखालीं झांकली जाते. “आमची मुलगी किती कडक उपास करते!” असें सांगणाऱ्या आया आम्हीं पाहिल्या आहेत. पण उपासाला सुटण्याची वेळ असते. सूर्य मावळतो, चंद्र दिसतो, द्वादशी उजाडते आणि उपास सुटतो. आणि साबुदाण्याच्या खिचडीची कृपा असली तर कित्येक घरीं उपासाच्या दिवशीं नेहमींपेक्षां चार घांस अधिकच जातात. आजारी मुलाचा उपास मात्र सुटत नाहीं. आज एक पदार्थ गेला, उद्यां दुसरा. आणि सोडावा म्हटलें तर त्याला स्वतःला तो सोडतां येत नाहीं. उपास माणूस धरतो. हा आजार माणसाला धरतो.

हा आजार हल्लींच्या चित्रपटांनीं व मोबाइलनें निर्माण केला, असा एक समज आहे. त्या गोष्टी आगींत तेल ओततात हें खरें, पण आग फार जुनी आहे. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानें १६८९ सालीं क्षयरोगावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत ताप, खोकला वगैरे क्षयाचीं कोणतींही लक्षणें नसतां केवळ न खाण्यामुळें झिजत गेलेले दोन रुग्ण त्यानें वर्णिले आहेत. एक अठराव्या वर्षीं आजारी पडलेली मुलगी; तिनें औषध घेण्याचें सोडलें व ती वारली. दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टननें अभ्यास बंद करून खेड्यांतील मोकळ्या हवेंत राहावयास, घोड्यावर बसावयास व दूध पिण्यास सांगितलें, आणि तो बराच सुधारला. अभ्यास बंद करण्याचा भाग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस विशेष पटेल! पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या दोन रुग्णांत एक मुलगा होता. हा केवळ मुलींचा आजार नव्हे. मुलांच्या बाबतींत तो उशिरां ओळखला जातो इतकेंच.

पुढें १८७३ सालीं लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग या दोघांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. गल यांनीं दिलेलें ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हें नांव आजही चालू आहे. खरें पाहतां तें नांव फसवें आहे. त्याचा अर्थ भूक नाहींशी होणें असा होतो. परंतु पुष्कळ रुग्णांची भूक जिवंत असते व ते तिच्याशीं अहोरात्र झगडत असतात. याच कुळांतला दुसरा विकार म्हणजे बुलिमिया. त्यांत माणूस आवर न राहून पुष्कळ खातो व मग भयानें आणि लाजेनें त्याची भरपाई करण्याच्या मागें लागतो. डॉक्टर जेरल्ड रसेल यांनीं १९७९ सालीं त्यास स्वतंत्र आजार म्हणून मांडलें. त्यांत वजन नेहमींसारखेंच असूं शकतें. म्हणून घरच्यांस वर्षानुवर्षें पत्ता लागत नाहीं.

आपल्याकडील पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुस्तकांत बहुधा असें लिहिलेलें असतें कीं, रुग्णास लठ्ठ होण्याचें भय वाटतें. परंतु हाँगकाँगच्या डॉक्टरांनीं १९९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं तेथील कित्येक रुग्ण असें कांहींच बोलत नाहींत. “पोट भरल्यासारखें वाटतें,” “अन्न जात नाहीं,” एवढेंच सांगतात. भारतांतील डॉक्टरांनींही असे रुग्ण नोंदले आहेत. आमची विद्यार्थिनीही हेंच सांगत होती. तिला जाड दिसण्याचें भय आहे असें तिच्या तोंडून कधीं निघालें नाहीं. म्हणूनच तिची पोटाची तपासणी दोनदां झाली आणि मनाची एकदांही झाली नव्हती.

आतां भूक मनाचें काय करते तें पाहूं. यासंबंधीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं झालेला प्रयोग आम्हांस फार बोलका वाटला. महायुद्ध चाललें होतें. यूरोपांत लक्षावधि लोक उपाशी होते. त्यांस पुन्हां अन्नावर कसें आणावें हें कोणास नीट ठाऊक नव्हतें. तेव्हां अँसेल कीज या शास्त्रज्ञाच्या हांकेस ओ देऊन ३६ तरुण स्वखुषीनें अर्धपोटीं राहावयास तयार झाले. हे सर्व सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले, बरेचसे शांततावादी ख्रिस्ती पंथांतले तरुण होते. शरीरानें व मनानें ते निकोप आहेत याची आधीं परीक्षा घेतलेली होती. चोवीस आठवडे त्यांस अपुरें अन्न दिलें गेलें.

त्यांचीं शरीरें खंगलीं, त्यांत नवल नाहीं. नवल त्यांच्या मनाचें. ज्यांना कधीं स्वयंपाकाची गोडी नव्हती ते पाककृतींचीं पुस्तकें जमवून वाचूं लागले. दोन घांसांचें जेवण तासभर पुरवूं लागले. विनोद संपला, मैत्री नकोशी झाली, चिडचिड वाढली, कित्येकांना खोल उदासीनतेनें घेरलें. आणि पुन्हां पुरेसें अन्न मिळूं लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आलें नाहीं. त्याला महिनोन्महिने लागले. या प्रयोगाचा वृत्तांत १९५० सालीं दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाला.

हें वाचल्यावर आमच्या डोळ्यांवरचा एक पडदा दूर झाला. ती मुलगी वसतिगृहाच्या खाणावळींत इतरांस आग्रहानें वाढीत असे, मेट्रनबाईंस नव्या पदार्थांची कृती विचारीत असे, आणि स्वतःचें ताट तसेंच ठेवीत असे. आम्ही यास ढोंग समजत होतों. एकदां तर सर्वांसमक्ष तिला तसें बोललोंही. मिनेसोटाचे ते धडधाकट तरुण ढोंगी नव्हते. ते उपाशी होते. उपाशी मेंदू असाच वागतो. उदास, हट्टी, एकलकोंडा झालेला तो स्वभाव पुष्कळ अंशीं भुकेचा असतो, मुलाचा नसतो.

आणि येथेंच धोका आहे. मनाच्या सर्व आजारांत ॲनोरेक्सियाचें मृत्युप्रमाण अत्यंत मोठ्यांपैकीं आहे. यांतील कांहीं मृत्यु हृदय बंद पडून, शरीरांतील क्षार बिघडून होतात. परंतु २०११ सालीं अनेक देशांतील संशोधनें एकत्र करून पाहिलीं तेव्हां असें आढळलें कीं, या आजारांत दगावलेल्या पांच जणांमागें सुमारें एकाचा मृत्यु आत्महत्येनें झाला होता. म्हणून ‘जेवत नाहीं’ या तक्रारीबरोबर डॉक्टर ‘जगावेंसें वाटतें ना?’ हेंही विचारतात.

पण प्रश्न मुलीविषयीं नव्हता, घराण्याविषयीं होता. त्याचें उत्तर डेन्मार्कमध्यें सांपडतें. आत्महत्या एका घरांत पुन्हां पुन्हां घडतांना दिसते हें पूर्वींपासून लोकांच्या ध्यानांत होतें. पण ती रक्तांतून येते कीं घरांतल्या दुःखांतून व अनुकरणांतून, हें कसें ठरवावें? रक्त आणि घर हीं दोन्ही एकाच ठिकाणीं असतात. डॅनिश व अमेरिकन संशोधकांनीं यावर युक्ति योजिली. त्यांनीं दत्तक गेलेल्या माणसांच्या सरकारी नोंदी काढल्या. दत्तक मुलाला रक्त एका घरचें आणि संगोपन दुसऱ्या घरचें. अशांपैकीं आत्महत्येनें मेलेल्या ५७ व्यक्ति घेतल्या, आणि त्यांच्या जोडीला तशाच ५७ दत्तक पण आत्महत्या न केलेल्या व्यक्ति घेतल्या. दोन्ही गटांचे रक्ताचे नातेवाईक प्रत्येकीं २६९ निघाले. पहिल्या गटाच्या नातेवाइकांत १२ आत्महत्या आढळल्या, दुसऱ्याच्या नातेवाइकांत २. ज्या घरांत हीं मुलें वाढलीं त्या दत्तक घरच्या नातेवाइकांत एकही नाहीं. हा निष्कर्ष १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. यावरून रक्ताचा कांहीं वांटा आहे असें मानावें लागतें.

आहारविकारांचेंही तसेंच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून ॲनोरेक्सियाच्या प्रवृत्तींत आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे असें दिसून आलें. २०१९ सालीं जवळजवळ १७,००० रुग्णांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तींत या आजाराशीं निगडित अशीं आठ स्थानें सांपडलीं, आणि कांहीं संबंध मनाशीं तर कांहीं शरीराच्या पचन-पोषणाच्या व्यापाराशीं आहेत असें दिसलें. म्हणजे यास निव्वळ ‘डोक्यांतलें खूळ’ म्हणण्याची सोय उरली नाहीं. स्वीडनमध्यें वीस लाखांहून अधिक लोकांच्या राष्ट्रीय नोंदी पाहून २०१६ सालीं हे दोन धागे एकत्र आणले गेले. आहारविकार असलेल्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका अधिक होताच. पण त्यांच्या सख्ख्या भावंडांतही, तीं स्वतः जेवणाखाण्यानें ठीक असतांना, तो कांहींसा अधिक आढळला. नातें जसजसें दूरचें, तसतसा तो कमी. दोन्ही आजारांच्या मुळाशीं कांहीं समान प्रवृत्ति असावी, असा याचा अर्थ. डॉक्टरांचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. विंचू चावलेल्यास ‘यापूर्वीं कधीं चावला होता काय?’ असें विचारावें, तितकाच तो साधा व उपयोगाचा होता.

आतां हें वाचून ज्यांच्या घरीं असा मृत्यु झाला आहे त्यांच्या पोटांत गोळा उठेल, हें आम्ही जाणतों. त्यांच्यासाठीं तोच डेन्मार्कचा आंकडा पुन्हां, पण दुसऱ्या बाजूनें वाचूं. २६९ नातेवाइकांत १२. म्हणजे २५७ जणांनीं तसें केलें नाहीं. आत्महत्या ही नाकासारखी किंवा डोळ्यांच्या रंगासारखी वारशानें मिळत नाहीं. वारशानें येतें तें बहुधा एखादें हळवेंपण, चिंतेची प्रवृत्ति, मनांत आलेल्या विचारामागें एकदम धांवण्याची संवय. त्याला उपासमार, अपमान, परीक्षेचें दडपण व एकटेपणा यांची जोड मिळाली तर धोका वाढतो. वेळेवर अन्न, औषधोपचार व बोलावयास माणूस मिळाला तर तो कमी होतो. ज्या घरांत मधुमेह आहे तेथील शहाणे लोक पत्रिका पाहत बसत नाहींत. वेळच्या वेळीं रक्त तपासून घेतात.

मग लोक लपवितात कां? एक कारण सोयरीक. मुलीच्या लग्नांत अडचण येईल या भीतीनें पिढ्यानुपिढ्या ‘तापानें गेली’, ‘पाय घसरला’ असें सांगितलें जातें. दुसरें कारण कायदा. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वयें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळें जगलेल्यावरही पोलिसांची टांगती तलवार असे आणि घरचे लोक डॉक्टरापाशींही खोटें बोलत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें अशी व्यक्ति तीव्र मानसिक ताणाखालीं होती असें गृहीत धरावयास सांगितलें व तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारावर टाकली. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता लागू झाली तींत तें जुनें कलम ठेवलेलें नाहीं. पोलिसांचें भय आतां उरलें नाहीं. सोयरिकीचें भय मात्र कायद्यानें जात नाहीं. तरी आम्ही एवढें म्हणतों कीं चारचौघांत सांगूं नका. पण डॉक्टरास सांगा, आणि मूल समजत्या वयाचें झालें म्हणजे त्यालाही सांगा. मुलांना तें कुठून तरी अर्धवट कळतच असतें. आमच्या त्या मुलीला आत्याचें खरें कारण बाराव्या वर्षीं एका चुलत भावाकडून कळलें होतें. पुढें तीन वर्षें ती तें एकटीच मनांत वागवीत होती, आणि आपलेंही तसेंच व्हावयाचें अशी तिची समजूत झाली होती.

‘असें विचारल्यानें भलतेंच मनांत भरेल’ ही भीति आम्हांसही होती. न्यूयॉर्क राज्यांतील सहा माध्यमिक शाळांत दोन हजारांवर विद्यार्थी घेऊन ती कसोटीला लावली गेली, आणि २००५ सालीं तिचें फळ प्रसिद्ध झालें. आत्महत्येविषयीं सरळ प्रश्न विचारल्यानें मुलांच्या मनांत तो विचार वाढत नाहीं. जीं आधींच त्रस्त होतीं त्यांना तर विचारल्यानें किंचित् बरेंच वाटलें. तेव्हां मूल वारंवार जेवण टाळूं लागलें, त्याला सारखी थंडी वाजूं लागली, घेरी येऊं लागली, मुलीची मासिक पाळी थांबली, मित्रमंडळी सुटली, ‘मी नसतों तर बरें’ असे शब्द निघूं लागले, आवडत्या वस्तु तें वांटून देऊं लागलें, तर शेजारीं बसून शांतपणें विचारावें: “तुला जगणें नकोसें वाटतें काय?” उत्तर ‘होय’ आलें तर रागावूं नये, रडूं नये, शपथा घालूं नयेत. त्याला एकटें सोडूं नये, धोक्याच्या वस्तु घरांत त्याच्या हातीं लागणार नाहींत असें करावें आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. सरकारची टेली-मानस नांवाची विनामूल्य दूरध्वनि-सेवा २०२२ पासून चालू आहे; १४४१६ हा तिचा क्रमांक, रात्रंदिवस चालतो आणि मराठींतही बोलतां येतें.

उपचाराविषयीं थोडें. सर विल्यम गल यांचें मत असें होतें कीं, अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास नातेवाईक सर्वांत अयोग्य. शंभर वर्षें हाच समज चालला व मुलें आईबापांपासून दूर ठेवलीं गेलीं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयांतील डॉक्टरांनीं तो उलटा करून पाहिला. त्यांनीं आईबापांसच जेवणाची सूत्रें हातीं घ्यावयास शिकविलें, आणि १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, कोवळ्या वयाच्या व नुकत्याच आजारी पडलेल्या मुलांस यानेंच अधिक गुण येतो. यांत दोष कोणाचा ही चर्चा नाहीं. अन्न हेंच पहिलें औषध, आणि तें रोज ठरल्या वेळीं, न भांडतां, पण न चुकतां द्यावयाचें. मात्र फार खंगलेल्या मुलास एकदम भरपूर खाऊं घालूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकीं कांहीं जण अन्न मिळाल्यावर दगावले. कारण रक्तांतील क्षार अचानक बिघडतात. किती आणि कसें वाढवावें हें डॉक्टरांनींच सांगावें.

विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमचा एखादा सोबती तुम्हांस “कोणाला सांगूं नकोस” अशी गळ घालून जिवाचें कांहीं सांगेल. तें वचन मोडा. परीक्षेची नक्कल करण्याचें गुपित आणि हें गुपित यांत फरक आहे. यांत विश्वासघात होत नाहीं. आणि कोणाच्या अंगाबांध्यावरून, जाडेपणावरून वा हडकुळेपणावरून नांवें ठेवण्याचा जो उद्योग मधल्या सुट्टींत चालतो, त्याची यादी आमच्याजवळ आहे.

त्या मुलीची आई चार महिने गांवचें घर सोडून शाळेजवळ खोली घेऊन राहिली. दोन्ही वेळां ती मुलीसमोर ताट ठेवी व स्वतःचेंही ठेवी. पहिल्या महिन्यांत बहुतेक दिवस दोघीही रडत. मुलीचें एक वर्ष बुडालें. ती आतां दहावींत आहे. ती पूर्ण बरी झाली असें डॉक्टर अद्याप म्हणत नाहींत. महिन्यांतून एकदां तिला त्यांच्याकडे जावें लागतें. पण परवां स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तिनें मैत्रिणीच्या डब्यांतली पुरणपोळी न विचारतां उचलली, असें मेट्रनबाई सांगत होत्या.

यंदापासून आमच्या प्रवेशाच्या आरोग्यपत्रकांत एक ओळ वाढविली आहे: ‘कुटुंबांत मानसिक आजार अथवा आत्महत्या घडली असल्यास.’ तें पत्रक बंद पाकिटांत केवळ शाळेच्या डॉक्टरांकडे जातें. गेल्या जूनमध्यें ते गृहस्थ धाकट्या मुलास पांचवींत घालावयास आले होते. पत्रक भरतां भरतां त्या ओळीपाशीं ते बराच वेळ थांबले. मग त्यांनीं आमच्याकडे न पाहतां आपल्या बहिणीचें नांव लिहिलें, पुढें तिचें वय लिहिलें, आणि पाकीट स्वतःच्या हातानें बंद केलें.